दुसऱ्या ओळीतलं आडनाव

माझ्या बायकोला या गोष्टीचा अर्धा भाग पाठ आहे. पांढुर्ण्यातल्या चार मित्रांनाही तो माहीत आहे, कारण मीच तो रंगवून सांगतो आणि ते पोट धरून हसतात. उरलेला अर्धा मी आजवर कुणालाच सांगितला नाही. तुम्हाला सांगतो. का तुम्हालाच? — माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच असेल.

सुगत आणि मी शाळेपासूनचे मित्र. तो नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात, मी तिगावच्या माझ्या संत्र्याच्या बगिच्यात. पांढुर्ण्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर एका हॉलमध्ये पूलचं एक टेबल होतं — कापड फाटलेलं, एका कोपऱ्याकडे उतार. त्याच टेबलावर आम्ही दोघं शिकलो. मी बरा खेळायचो. सुगत — काय सांगू, त्याने स्टिक हातात घेतली की बाकीचे गप्पा सोडून बघत उभे राहायचे. मग मालकाने टेबल काढून तिथे कपड्यांचं दुकान टाकलं. सुगत म्हणाला, "एकदा तरी सपाट टेबलावर खेळून पाहू बे. नागपूरले चाल."

फवारणीच्या पंपाचा पार्ट आणायचं निमित्त काढलं आणि ऐन मे महिन्यात आम्ही नागपूरला गेलो. पार्ट दहा मिनिटांत मिळाला. टेबल? एवढ्या मोठ्या शहरात पूलचं एक टेबल मिळू नये? मोबाइलच्या नकाशावर तर पाच दिसत होती! पहिल्या जागी कोचिंग क्लास निघाला. दुसऱ्या जागी तीन जिने चढून गेलो तर कुलूप, आणि कुलपावर धूळ. पानठेल्यावर विचारलं, पूल कुठे आहे, तर तो म्हणतो, "कोणता पूल भाऊ? इथून पुढे दोन पूल हायेत." बॉल असतात, स्टिकनं खेळतात, तो पूल — सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ऑटोवाल्याला मात्र म्हणे पक्कं समजलं होतं. निवांत बसा म्हणाला, आणि नेऊन सोडलं कुठे, तर पोहण्याच्या तलावावर. माझं डोकं फिरलं. सुगत हसून राहिला होता. "आता काय, उडी मारतं का?" म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो. त्याने ऐकून घेतलं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो.

चारच्या सुमारास एका क्लबचं फाटक सापडलं. आत झाडं, जुनी इमारत, काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ. क्लब सभासदांसाठीच होता. पण आमची दिवसभराची वणवण ऐकून ते हसले. म्हणाले, "एवढ्या उन्हातून आलात, तर परत कसं पाठवू? टेबल रिकामंच आहे. रजिस्टरमध्ये दोघांची नावं लिहा." सुगत तोवर टेबलाशी पोचलाही होता. हिरव्या कापडावरून तळहात फिरवत होता.

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. गावंडे. दुसऱ्या ओळीत लिहिलं 'सुगत' — आणि थांबलो.

सुगतचं आडनाव गजभिये. तो बौद्ध आहे. आमच्या भागात आडनाव ऐकलं की माणूस कोणत्या घरातला ते लगेच कळतं. त्याच्या आईच्या हातचं मी वर्षानुवर्षं जेवलो आहे. जात आपल्या डोक्यात नाहीच, असं मला वाटायचं. मग पेन का थांबला? त्या गृहस्थांनी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरही काही नव्हतं. पण इतकी पायपीट करून मिळालेलं टेबल हातचं गेलं तर? — एवढंच मनात आलं, आणि मी सुगतच्या पुढे गावंडे लिहून टाकलं.

"भाऊ का?" त्यांनी विचारलं.

"हो, चुलत," मी म्हणालो. किती सहज निघालं तोंडातून!

सुगत त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. ते गृहस्थ खुर्ची घेऊन बघत बसले. "वा, गावंडे!" ते म्हणाले. सुगतने माझ्याकडे पाहिलं — त्याला वाटलं, मला म्हणतात. पुढच्या बॉलला पुन्हा, "गावंडे, काय हात आहे हो तुमचा!" आता ते सरळ त्याच्याकडेच बघत होते.

त्याने डाव पूर्ण केला. घाई केली नाही. स्टिक जागेवर ठेवली, हात पुसले, काउंटरवर गेला, रजिस्टर वाचलं. मग पेन घेऊन त्या आडनावावर एक रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं — गजभिये.

"चुकलं होतं का?" गृहस्थांनी विचारलं.

"हो. याच्याकडून चुकलं."

"होतं असं. पुन्हा नागपूरला आलात तर नक्की या, गजभिये. तुमचा खेळ बघायचा आहे मला."

बस. कुणी हाकललं नाही. त्या हॉलमध्ये जी काही घाण होती ती मीच घेऊन गेलो होतो.

परतीच्या गाडीत मी सारखा बोलत होतो — ऊन, ऑटोवाला, बगिच्याचं पाणी. नरखेड गेल्यावर सुगत म्हणाला, "मले विचारलं असतं तं मी बाहेर बसलो असतो. पण ते नाव नसतं लिहू देलं."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पांढुर्णा येऊन राहिलं, पिशवी काढ."

सुगत आता सौंसरला राहतो. माझ्या पोरीच्या लग्नात तो पंगतीला वाढत होता. पण त्या दिवसानंतर आम्ही एकत्र खेळलो नाही. कुणी विचारलं तर मी म्हणतो, टेबलच कुठे आहे? टेबल आहे. सौंसरला, दोन वर्षांपासून. सुगत दर रविवारी तिथे खेळतो. मी सौंसरला जातो, काम उरकतो, आणि दुसऱ्या रस्त्याने परत येतो.