डावा पाय

आज गाडीच्या गिअरबॉक्सचं जुनं तेल काढलं आणि त्या जळक्या वासानं मला थेट वरठीच्या गॅरेजात नेलं.

पोलिओ झालेला माझा डावा पाय तेव्हा प्रत्येक कामात आडवा यायचा, म्हणून बिनक्लचची ही जुनी ऑटोमॅटिक घेतलेली. पण तिचे गिअरच पडेनात. वासुदेव मिस्त्रींनी फिल्टर बदलला, लालभडक नवं तेल भरलं आणि मला शेजारी बसवून गाडी काढली. गिअर आपोआप पडला! मी टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडला आणि आम्ही दोघं पुढे आदळलो. दुसऱ्यांदाही तेच!

ते हसत उतरले, चावी माझ्या हातात ठेवली. “ताई, तुमीच चालवा. मले माहा डावा पाय आडवा येऊन राहिला!”