वणीतला दुसरा वजीर

वाचकहो, उठून उभे राहा! माणसाने यंत्रावर केलेल्या सशस्त्र हल्ल्याचा मी साक्षीदार आहे.

काल मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना यंत्राने प्याद्याचा दुसरा वजीर केला आणि मला थेट जळक्या वायरचा वास आला. कापूस मातीमोल झालेल्या त्या वर्षांत वणीच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर क्लास निघाला होता. बुद्धिबळात कधीच न हरलेले ट्रकवाले नामदेवभाऊ ट्रकस्टँडवरच्या सगळ्यांसमोर तिथल्या यंत्राशी खेळायला बसले. आमच्या देशी खेळात पहिला वजीर जिवंत असताना दुसरा होत नाही. यंत्राने केला.

"बेइमान!" भाऊ गरजले आणि ट्रकचा पाना पडद्यात घुसला. काचा उडाल्या, धूर निघाला, मनगटातून रक्ताची धार लागली. मी टाळ्या पिटल्या. आज वाटतं, भाऊंचा राग खराच होता.

"मारला!" भाऊ म्हणाले.

टेबलाखाली घरघरणाऱ्या डब्याकडे बोट दाखवत क्लासची मास्तरीण ओरडली, "भाऊ, तुमी तं नुसता टीव्ही मारला! खेळणारा या डब्यात जिताच हाये!"