गावपळणीत सर्व्हरचं बिऱ्हाड हलवलं त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात आमचं अख्खं गाव घराबाहेर राहायला गेलं होतं. आणि तिथे मी असा काही हादरलो की विचारू नका...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल घेऊन माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळे वेशीबाहेर, घरांना कुलपं. तीन दिवस झावळांच्या खोपीत राहायचं, मग पुन्हा कौल लावायचा. देव हो म्हणाला तरच परत, नाहीतर मुक्काम वाढला!

गंमत म्हणजे वेशीबाहेरच्या माळावर रेंज घरापेक्षा चांगली. शिवाय माणसांच्या गप्पा आणि रश्श्याची जेवणं सोडली तर काम काहीच नाही. मग मला नको ती बुद्धी सुचली.

मी वेबसाइट सांभाळायचं काम करतो. माझी ताई देवबागला दिलेली. तिचा होमस्टे आणि शेजारचे काही होमस्टे, सगळ्यांचं बुकिंग मी बनवलेल्या साइटवर चालतं. ती ज्या क्लाउड सर्व्हरवर आहे त्याला मी सुरुवातीला हौसेने भलीमोठी डिस्क घेऊन ठेवली होती. चार भांडी ठेवायला मंगल कार्यालय भाड्याने घ्यावं, असला प्रकार.

क्लाउडवर डिस्क वाढवायची तर एक क्लिक. कमी करायची तर सोयच नाही! नवी लहान डिस्क घ्या, जुनीवरचं सगळं तिच्यावर कॉपी करा, सर्व्हर तिच्यावरून सुरू होईल अशी तजवीज करा आणि मग जुनी काढून टाका. त्या तजविजीत जरा चुकलं की सर्व्हर उठतच नाही.

कौलाच्या आदल्या दिवशी सकाळी मी हे सगळं केलं. आधी बॅकअप घेतला, मग कॉपी केली, नवी डिस्क पुढे लावली, जुनी खबरदारी म्हणून मागे जोडलेलीच ठेवली. सर्व्हर सुरू केला... आणि झटक्यात सुरू झाला की! साइट मस्त चालली, दिवसभर नाताळची बुकिंगं येत राहिली. मी खोपीत कॉलर ताठ करून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकरी कौल लावायला देवळाकडे गेले. मी सर्व्हर बंद केला, जुनी डिस्क काढली. आता फक्त डिलीट करायची. स्क्रीनवर विचारणा आली, ‘नक्की डिलीट करायची? परत मिळणार नाही.’ म्हटलं, होऊ देत दोन्ही कामं एकदम, घरी जायचंच आहे... म्हणून जरा उठून एका हाताने खोपीची दोरी सोडायला घेतली.

तेवढ्यात आई कडाडली. ‘‘अरे मेल्या, कौल झालो काय? मगे खोप कित्याक सोडतंस? देव नाय म्हणालो तर खंय रवतलंस?’’

सगळ्या खोपी आमच्याकडे बघायला लागल्या. देव नाही म्हणाला तर राहणार कुठे, हे तिचं बरोबरच होतं. मी गुपचूप दोरी पुन्हा बांधली. लॅपटॉपपुढे बसलो, तर बोट ‘हो’वर जाईना. म्हटलं, आपणही आधी सर्व्हरचा कौल घेऊ. नुसत्या नव्या डिस्कवर सुरू करून बघू.

सुरू केला. आणि काहीच नाही... पुन्हा केला. काहीच नाही!

तिसऱ्यांदा करायला घेतला. त्यात ताईचा फोन. ‘‘माझे पावणे वाटेर आसत रे! एक आजी आसा, तिका जिने चढाक जमणत नाय. कोणाक खंयची खोली दिली ता माका कायच दिसणा नाय. तुझी साईट खंय गेली?’’

‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. तिचा हा पहिलाच सीझन.

नवी डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडून आत बघितलं. आदल्या दिवसाचं एकही बुकिंग तिच्यात नव्हतं! कॉपी केली त्या क्षणानंतरचं काही म्हणजे काहीच नाही.

झालं होतं असं, की ‘सामान कुठल्या डिस्कवर आहे’ हे सर्व्हरला सांगणारी फाइलही जशीच्या तशी कॉपी झाली होती. तिच्यात नंबर जुन्याच डिस्कचा, आणि तो बदलायला मी विसरलो होतो. सर्व्हर नव्या दारातून आत शिरायचा आणि सरळ मागच्या जुन्या घरात जाऊन राहायचा. दिवसभराची सगळी बुकिंगं तिथे जमा, आणि ते घरच काढून घेतल्यावर सर्व्हर उठेचना. आणि माझा बॅकअप? कामाच्या आधीचा!

म्हणजे ते ‘हो’ दाबलं असतं तर... कालच बुकिंग झालेली ती आजी, तिची खालची खोली, बाकी सगळ्यांची नाताळची माणसं, सगळं गेलं होतं. कायमचं.

जुनी डिस्क परत लावली. सर्व्हर उठला, ताईला बुकिंगं दिसली. मग बुकिंग थोडा वेळ बंद ठेवून सगळं नव्याने कॉपी केलं आणि नंबर बदलला. जुनी बाजूला काढून देवाचं नाव घेत सुरू केला... उठला! आत जाऊन बघितलं, कालची सगळी बुकिंगं जागेवर.

थोड्या वेळाने देवळाकडून ढोल ऐकू आला. कौल झाला होता. आई म्हणाली, ‘‘आता सोड दोरी.’’

संध्याकाळी ताईने फोटो पाठवला. खालच्या खोलीच्या पायरीवर ती आजी पाय पसरून बसलीय, हातात सोलकढीचा पेला.

जुनी डिस्क मी अजून डिलीट केलेली नाही. हिंमतच होत नाही. आणि आई फेसबुकवर नाही, म्हणूनच इथे लिहायचं धाडस करतोय... आई, त्या दिवशी सगळ्या गावासमोर ओरडलीस, फार बरं केलंस.