पैलवानाच्या घरी पाठ टेकताना

आमच्या घरात माणसाची पाठ जमिनीला फक्त झोपेत लागावी, असा दंडक. माझे वडील, आबा, जुने पैलवान. आखाड्यात पाठ लागली की माणूस हरला, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. आणि त्यांचा हा धाकटा मुलगा दुबईत, बर्फावरच्या एका शोमध्ये, रोज दोनदा पाठीवर पडून पगार घेतो. मी तिथला विनोदी स्केटर; चहाचा ट्रे घेऊन निघालेला आणि कधीच न पोचणारा वेटर.

लोकांना वाटतं, ज्याला स्केटिंग जमत नाही त्याला विदूषक करतात. उलट असतं. बुटाच्या पात्याला पुढं दात असतात. ते अडकल्याचं सोंग करायचं, तोल गेला गेला म्हणत अर्धं मैदान कापायचं आणि नेमकं ढोलाच्या ठोक्याला पडायचं. तेही, माझ्या बाबतीत, सुटलेल्या पोटासकट.

यंदा सुट्टीवर आलो, तेव्हा पुतणीला बघायला कराडचे पाहुणे येणार होते. आबांनी मला गोठ्यामागं नेलं.

"इचारलं तर बर्फाच्या कारखान्यात हाय म्हन."

"आवं आबा, खोटं कशाला?"

"पैलवानाचं पोरगं पाठ लावून खातंय, हे कुनाला सांगू रं?"

पाहुण्यांनी विचारलंच. आबा माझ्याकडं रोखून बघत होते. मी म्हणालो, "मी बर्फावर पडतो. लोक तिकीट काढून बघतात."

मुलाचा काका फिस्सकन हसला. "आवं, त्ये तर आमी फुकटात करतो!"

मग मात्र राहवेना. वहिनीच्या हातातला भरल्या कपांचा ट्रे घेतला, पायमोज्यांवरच गुळगुळीत फरशीवर घसरत निघालो. सोफ्याला वळसा, एक पाय हवेत, दुसरा त्याला शोधायला, आणि धाडकन पाठीवर. ट्रे मात्र वरच. सहा कप, थेंब सांडला नाही.

पुतणीला हसू आवरेना.

आबा उठून माझ्या डोक्याशी उभे राहिले. "पडताना हनुवटी छातीला लावलीस."

"तालमीत तुमीच शिकवलंय."

आबांनी ट्रेमधला एक कप उचलला, घोट घेतला आणि काकाकडं वळले. "पावनं, तुमी फुकटात करता न्हवं? उठा की."

काका उठले नाहीत. खरं तर मलाही उठवत नव्हतं, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.