साखरपाण्याची बशी

घड्याळवाल्या काकांच्या घरात सात घड्याळं होती आणि सातांचं एकमेकांशी पटायचं. आमच्या इमारतीत असं कुटुंब दुसरं नव्हतं. दुकान बंद करून वर्षं झाली, तरी जिन्यात कुणी सहज वेळ विचारली की काका सेकंदासकट सांगत.

काकू तीन वर्षं अर्धांगानं खिडकीशी खाटेवर. वरच्या गॅलरीच्या तळाला दर थंडीत रानमाश्यांचं मोहोळ लागायचं, तेवढाच त्यांचा शेजार. फुलं बहरली की पोळं सुपाएवढं व्हायचं आणि उन्हं तापली की एका सकाळी सगळ्या माश्या निघून जायच्या. काका चौकटीवर पेन्सिलीनं तारीख टिपत. त्यानंतर आठवडाभर काकू भिंतीकडे तोंड करून पडत, घास घेत नसत.

यंदा फुलं सुकू लागली तशा काकू अडखळत म्हणाल्या, "जरा... राहू देत ना."

तीन वर्षांत बायकोनं एवढंच मागितलं होतं. काका रोज ठरल्या वेळी खिडकीत साखरपाण्याची बशी ठेवू लागले. माश्या राहिल्या. नेहमीची तारीख उलटून गेली.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सुनेला डंख बसला. तोंडाचा भोपळा झाला. सेक्रेटरी तरातरा वर आले.

"आठ दिवस द्या," काका म्हणाले. "आपणहून जातात त्या. चौकटीवर तारखा बघा."

"तारखा बघितल्या. मग यंदा का नाही गेल्या? तुमचं घड्याळ मागे पडलं की त्यांचं?"

काकांनी बशीचं नाव काढलं नाही. मला मात्र जिन्यात गाठून सगळं सांगितलं, आणि त्याच दिवशी बशी उचलली. पण माश्या ठरल्या वेळी रिकाम्या खिडकीशी येतच राहिल्या. आठ दिवस झाले तरी हलल्या नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी औषध मारणारा आला. खिडकीची जाळी बदलायची आहे, असं सांगून आम्ही काकूंची खाट आतल्या खोलीत नेली. तासाभरानं काकांनी खिडकी उघडली, घड्याळाचा बारीक चिमटा घेतला आणि मेलेल्या माश्या एकेक करून त्याच बशीत भरू लागले. मी केरसुणी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

आतून काकूंनी विचारलं, "गेल्या?"

"गेल्या."

"किती... वाजता?"

काकांचा चिमटा थांबला.

"नऊ वाजून दहा मिनिटांनी. सगळ्या एकदम उडाल्या."

सेकंद त्यांनी सांगितले नाहीत.