नोराच्या लग्नाची बातमी

नोरा गेल्याची बातमी गणपतने आणली, तीही मोटारसायकल बंद न करताच. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून तो घरी गेला होता आणि तिथून तसाच माझ्या दारात आला. "मास्तरीणबाई, आत्या गेली. चहा मागितला, आणि चहा येईस्तोवर…" मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि काय सांगू, माझ्या तोंडून निघालं ते हे : "चहा न पिता गेली? शक्यच नाही!" तो रडता रडता हसला. आज महिना-सव्वा महिना होऊन गेला, तरी तिची आठवण निघाली की मला आधी हसूच फुटतं. लोक म्हणत असतील, म्हातारीला काही सुतक आहे की नाही. म्हणू देत.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. गंगापूर रस्त्याला तेव्हा बंगले कमी आणि बाभळी जास्त. अशाच एका भाड्याच्या बंगल्यात विलायतेतल्या कुठल्याशा सेवामंडळाचे पाच स्वयंसेवक येऊन राहिले होते. आसपासच्या गावांत दवाखाना चालवायचा, बाळंतिणींकडे लक्ष द्यायचं, असं त्यांचं काम. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी त्यांना मराठी शिकवायला जायची. माझे वडील खादी घालणारे. "गोऱ्यांना मराठी कशाला? बोटीचं तिकीट काढायला शिकव," म्हणायचे, पण जाऊ द्यायचे. आमच्या तासाचा एकच नियम होता : तासभर इंग्रजी बोलायचं नाही. आता मला सांगा, 'बाग', 'नदी', 'गाय' यावर माणूस किती दिवस बोलणार? पंधरवड्यात गाय संपली आणि मंडळी एकमेकांवर आली. कुणीतरी दोन मिनिटं खोलीबाहेर गेलं, की लगेच त्याच्यावर तोडकंमोडकं मराठी सुरू. डॉक्टर टकलाला खोबरेल चोळतात. मेबल गूळ चोरून खाते. मेबल म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात चौकस बाई, घारीसारखी नजर. मी क्रियापदं दुरुस्त करायची आणि कान टवकारून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. घरापासून इतक्या लांब आलेली पाच माणसं, ना नातं ना गोतं, संध्याकाळी करणार काय बिचारी?

नोरा त्यांच्यात सगळ्यांत लहान. उंच, हाडकुळी, चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके, आणि हसली की बाहेर टांग्याचा घोडा दचकायचा. मखमलाबादला फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा करणाऱ्या पार्वताबाईंच्या सुनेचं बाळंतपण अडलं, तेव्हा नोरा त्या घरात ठाण मांडून बसली आणि बाळ-बाळंतीण दोघांना सुखरूप सोडवूनच उठली. बाराव्या दिवशी तिला बारशाचं बोलावणं आलं. "माळ्यांच्या घरी जाऊन येते," एवढंच सांगून ती सकाळी गेली. गेली ती नेहमीच्या करड्या झग्यात… आणि परतली ती हिरव्या लुगड्यात!

हे दृश्य मेबलने वरच्या गच्चीतून पाहिलं. सजवलेली बैलगाडी फाटकाशी थांबली. गाडी हाकायला पार्वताबाईंचा धाकटा मुलगा नामदेव, बिनलग्नाचा, डोक्याला कोरा करकरीत फेटा. त्याच्या मागे नोरा. कपाळाला मळवट म्हणावा एवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, केसांत शेवंतीची वेणी आणि ओटीत नारळ. नामदेवाने हात देऊन तिला खाली उतरवलं आणि ती लाजली म्हणे. लाजली कसली, त्या लुगड्यात तिला पायच टाकता येत नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी तासाला गेले तर बंगल्यात सुतकी शांतता. मेबलने एरवी कधी साधलं नव्हतं इतकं शुद्ध मराठी मला ऐकवलं, "नोराने लग्न केले आहे. काल. बैलगाडीवाल्याशी." मी हसायला लागले, पण डॉक्टरांनी मान खाली घातलेली पाहून माझं हसू गेलं. मंडळाचा नियम होता, इथे लग्न करायचं नाही, केलं तर परत जायचं. मंडळाच्या प्रमुख मिस ग्रँट, ज्यांना आम्ही थोरल्या बाई म्हणत असू, फार करारी. त्यांनी ठरवूनही टाकलं होतं : पुढच्या बोटीने नोरा परत.

मी धावत दवाखान्याच्या खोलीत गेले. नोरा पट्ट्या उकळत होती, चुडा तसाच हातात. म्हटलं, "अगं बाई, जा आणि सांग त्यांना, लग्नबिग्न काही झालेलं नाही म्हणून!"

"मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली. "रात्री जेवताना सगळे माझ्याकडे बघत होते. माझं लग्न लावलं, नवरा ठरवला, आणि माझ्याशी बोलले काय, तर मीठ इकडे दे. विचारतील त्याला सांगेन. कुजबुजेल त्याला नाही."

"आणि बोटीत बसवलं म्हणजे?"

चिमट्याने पट्टी वर काढता काढता तिने डोळे पुसले. "मला जायचं नाही गं… मला इथंच राहायचंय." असा हट्टी जीव! राहायचं तर आहे, पण त्यासाठी एक वाक्य बोलणार नाही. माझा संतापाने जीव गेला आणि तिच्यावरचं प्रेम त्याच क्षणी दुप्पट झालं.

मी सरळ टांगा केला आणि मखमलाबाद गाठलं. पार्वताबाई शेवंती खुडत होत्या. सगळं ऐकून आधी त्या वाफ्यातच बसून हसल्या आणि मग बोटीचं ऐकलं तशा ताडकन उठल्या. "मास्तरीणबाई, टांगा उभा हाय ना? चला." फुलांची पाटी घेतली, वर दोन नारळ टाकले आणि निघाल्या.

बंगल्याच्या व्हरांड्यात चहा चालला होता. नोरा एका टोकाला, बाकीचे दुसऱ्या टोकाला. पार्वताबाईंनी पाटी टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारीच ठेवली आणि कमरेवर हात देऊन थोरल्या बाईंना म्हणाल्या, "काय वो बाई, माझ्या नामदेवाचं लगीन लावलं म्हनं तुमी? मला जेवायला तरी बोलवायचं!"

थोरल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "ते लुगडं? तो नारळ?"

"आवं, माझ्या नातवाचं बारसं होतं. बारशाला आत्या लागती. बाळाच्या बापाला भन नाय, मग कानात नाव कोन सांगनार? ज्या बाईनं पोर हातात दिलं तीच आत्या. हिनं कानात नाव सांगितलं आन् आमच्या बायांनी हिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, रीतीपरमानं. इचारा तिला, पाठ दुखती का!" नोरा पहिल्यांदाच बोलली, "लय दुखते." पार्वताबाईंचा पट्टा चालूच. "आता बाळाची आत्या मंजे बाळाच्या बापाची भन, आन् नामदेवाची बी भन. भावाशी कुनी लगीन करतं का? लेक घरातून निघाली तर मोकळी पाठवायची? वटी भरली. वटी घ्यायला पदर लागतो, हिच्या झग्याला पदर कुठं? मंग माझं लुगडं नेसवलं!"

तेवढ्यात मेबलला शंका आलीच. माझ्याकडून शिकलेलं सगळं मराठी पणाला लावून तिने विचारलं, "पण ओटी विवाहित बाईची भरतात ना?"

"मंग? हाय की विवाहित," पार्वताबाई म्हणाल्या. "त्या टकल्या डाक्टरचीच बायकू ना ती? रोज एका टांग्यात तर येत्यात. समद्या गावाला ठावं हाय!"

डॉक्टरांचा चहा नाकातून बाहेर आला. आणि नोरा हसली. तिचं ते घोडा दचकवणारं हसू. मागोमाग मेबल, मी, आणि शेवटी, देवाशपथ सांगते, थोरल्या बाईसुद्धा. डोळ्यांना रुमाल लावून त्या खुर्चीत बसल्याच. पार्वताबाईंना कळेना एवढं हसायला काय झालं. मी कानात सांगितलं, तशा "आता गं बया!" म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने थोरल्या बाई उठून नोरासमोर गेल्या. "मी तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. तेही मराठीत, कारण तास माझा होता. बोटीचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे लढाई आली, मंडळ मोडलं, एकेक जण आपापल्या देशी गेला. इंग्रजही गेले. नोरा मखमलाबाद रस्त्याला दोन खोल्या घेऊन राहिली ती राहिलीच. कानात नाव सांगितलेला तो भाचा म्हणजेच हा गणपत. उतारवयात तिच्या ओट्यावर दुपारी आम्हा बायकांची बैठक बसायची, आणि बायका जमल्या की कुणाची ना कुणाची गोष्ट निघणारच. नोराने ती कधी थांबवली नाही, उलट तिला फार आवडायची. मात्र बोलणं गैरहजर माणसाकडे वळलं, की ती काठी टेकत उठायची आणि रस्त्यापलीकडे खणखणीत हाक मारायची, "सुमनबाई, या हो, तुमच्याबद्दलच चाललंय!" सुमनबाई पिठाच्या हातांनी यायच्या. मग त्यांच्यासमोर जे बोलवेल तेवढंच बोललं जायचं आणि उरलेलं चहाबरोबर गिळलं जायचं. त्या गल्लीत भांडण टिकलं नाही ते यामुळे.

परवा तिच्या ओट्यावर आम्ही पुन्हा बसलो. गणपतच्या बायकोने चहा केला. विषय अर्थातच एकच. सुमनबाई बारशाची गोष्ट नव्या सुनांना सांगत होत्या, नेहमीप्रमाणे तिखटमीठ लावून. त्यांनी नामदेवाला घोड्यावर बसवलं होतं, बैलगाडीचा पत्ताच नव्हता. सगळ्या हसत होत्या, मीही. आणि हसता हसता, इतक्या वर्षांची सवय, मी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यांदा हाक मारली,

"नोरा, ये गं बाहेर… तुझ्याबद्दलच चाललंय!"