वनिता वहिनीचा आवाज

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना तर नाहीच. आज सांगतोय, कारण गप्प बसून बसून दमलो.

मी नकला करतो. शाळेत हेडसरांच्या आवाजात शिपाईमामांना घंटा द्यायला लावली होती — शाळा अर्धा तास आधी सुटली! लांज्याच्या स्टँडवरचा अनाउन्सर, गणपतीपुळ्याला पोरांवर खेकसणाऱ्या पुणेकर काकू, सगळे माझ्या घशात राहतात. त्याच्यावरच नोकरी मिळाली. परदेशी पैशावर चालणारी संस्था, बायकांच्या हक्कांचं काम, आणि मी पथनाट्यवाला. विषय — घरावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव. नवरा मीच, सासू पण मीच. लोक हसून बेजार.

नाटक बघून 'माझं पण नाव लावा' म्हणत उभी राहिलेली पहिली बाई वनिता वहिनी. तिचा नवरा, आमच्या वाडीतला दादा, मुंबईला गोदामात कामाला. घर बांधताना चिरे तिने वाहिले. गणपतीला येतो आणि सही करतो, असं दादा फोनवर कबूल झाला होता. ऑफिसात सगळे खूश. मी पण खूश होतो — खरंच होतो.

फिरवून बोलतोय ना मी? सवय आहे.

एका संध्याकाळी नाटकातल्या पोरांना हसवायला मी वहिनीचा आवाज काढून मोबाईलवर रेकॉर्ड केला. तिचं मधेच खाकरणं, तो लांबवलेला 'ओ', सगळं. "एकदा नाव लागू दे ओ, मग दादल्याला पडवीत झोपवते की नाय बघा!" आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकला. त्यातल्या कोणीतरी पुढे ढकलला. दोन दिवसांत तो गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर, जिथे दादा पण होता — माझं नाव गळलेलं, वहिनीचं चिकटलेलं.

दादा गणपतीला आला. सही केली नाही. देवळात गावकी बसली, सगळ्यांसमोर मोबाईल वाजवला. वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आवाज माझाच हाय ओ. पण मी नाय बोलले."

"मग काय भूत बोलला गो?" कोणीतरी म्हणालं. देऊळभर हशा.

मी खांबाला टेकून बसलो होतो. काय करायचं होतं मला? उठायचं, तिच्या आवाजात एक वाक्य बोलायचं — बस. जन्मभर कोणी मागितल्या नसताना नकला केल्या, आणि हवी होती तेव्हा? घसा बसला नव्हता माझा. नोकरी जाईल, दादा मारेल, एवढंच डोक्यात. बाकीच्या तिघांना मीच आधी दम दिला होता, तोंड उघडू नका म्हणून.

नंतर संस्थेच्या परदेशी मॅडम आल्या. वनिता कुठे, विचारलं. मी हसत सांगितलं — घरकामात अडकली.

पुढे दादाने घरावर तिच्या धाकट्या दिराचं नाव चढवलं. वहिनी त्याच घरात राहते, दीर ठेवतो तशी. संस्थेच्या बैठकीला ती येत नाही, आणि तिच्याकडे बघून बाकीच्या बायका पण आपल्या नावाचं काढत नाहीत. नाटक मी अजून करतो. टाळ्या पडतात, कंटाळा येतो, परत करतो.

ती नक्कल माझी होती. वहिनी देवळात खरं बोलत होती, आणि मी बसून राहिलो.